डाख

माझे पैंजण मीच घडवलेले.
हुपरीत आमच्या गल्लीत दर उंबऱ्याआड
कडीला कडी जुळत असते,
मी लग्नाआधीपासून डाख लावते.
तेच पैंजण तेहेतिसाव्या आठवड्यात
कोल्हापुरात, थोरल्या दवाखान्यात
घोरपडे सिस्टरनी कात्रीनं कापले.
घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडायचा
आणि तसाच राहायचा,
मेणात उठलेल्या ठशागत.

एकशे साठवर एकशे दहा.
बाहुबली दाराशी उभा. म्हणजे किती, म्हणतोय.
सिस्टर म्हणाल्या,
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटाला काय म्हणतात?
इशारा.
आणि त्रेचाळीसला?
तो गप्प झाला.

मुजावर मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर
पेनानं मुळं काढली.
पोरं दोन, वारही दोन, म्हणाल्या.
बाळ निम्मं तुझं, निम्मं बाहेरचं.
अंगात पहारा असतो बघ, परकं दिसलं की मारणारा.
पिशवीत तेच पहारेकरी हत्यार खाली ठेवतात
आणि गवंड्यागत कामाला लागतात,
रक्ताच्या बारक्या वाटा रुंद करत.
ओळख पटली तर.

आणि नाही पटली?

कधी अर्धीच पटते.
वाटा अरुंद राहतात, वार उपाशी राहते,
उपाशी माणूस काहीबाही बोलतो
तसं ती रक्तात काहीबाही सोडत राहते,
मग सगळ्या अंगातल्या नळ्या चिडतात.
तुझ्यावर तर दोघांचा भार.
थांबल्या. पेनाचं टोपण लावलं.
सगळं आम्हालाही कळलेलं नाही गं.

मला वडलांचं जंत्र आठवलं.
पोलादी पट्टी, ओळीनं भोकं,
तार ह्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून,
केसाएवढी होईपर्यंत.
माझा जन्म बारीक करण्यात गेला.
आत कुणीतरी त्याच्या उलट काम करत होतं
आणि अर्ध्यावर हात झटकून उठलं होतं.

परकं.
मी ह्या घरात आले तेव्हा
सासूबाईंनी तीन महिने फडताळाची किल्ली दिली नाही.
मला राग नव्हता आला. वेळ लागतोच.
बाहुबली पंधराव्या दिवशी माल घेऊन सेलमला गेला,
आला, परत गेला.
मॅडमनी तेही विचारलं,
लग्नाला किती महिने झाले, किती दिवस एकत्र होता,
आणि लिहून घेतलं.
माझ्या रक्ताला त्याची सवय व्हायला
तेवढे दिवस पुरले नसतील का?
हे मी मोठ्यानं विचारलं नाही.
तो कॉटशी बसून संत्रं सोलत होता,
शिरा काढून काढून.

रात्री डोळ्यांपुढं ठिणग्या.
फुंकणीनं जाळ वळवावा तशा, मिटले तरी दिसायच्या.
सुई दिली, नसांतून ऊन धावलं.
सासूबाई म्हणाल्या, नजर लागली जुळ्याला.
मीठमोहऱ्या आणल्या होत्या कागदात बांधून.
सिस्टर म्हणाल्या, उशीखाली ठेवा,
पण दिवा नका लावू, बोलायचं पण नाही हळूसुद्धा,
झटका येईल तिला.

सकाळी काढली दोघं.
मुलगी चौदाशे ग्रॅम, मुलगा सतराशे.
मी हट्टानं वार बघायला मागितली.
मुलीची लहान होती,
कडेला पांढुरके, सुकलेले चट्टे.
गरम होती अजून.
स्वतः उपाशी, तरी शेवटपर्यंत वाढत राहिली.

नात्यातली एक भेटायला आली. म्हणाली,
तुझंच अंग तुझ्यावर उलटलं की गं.
उलटलं नाही, म्हटलं मी.
पुढं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

मुलगी अजून काचेत आहे.
डोळे उघडते तेव्हा माझ्याकडं बघते
नव्या भाडेकरूनं बघावं तशी.
बघू दे.

पैंजण रुमालात बांधून पिशवीत आहेत.
सासूबाई म्हणतात, आटवून दोघांना वाळे कर.
करीन, नाहीतर
आहे त्याच जागी डाख लावीन.
पाय अजून उतरले नाहीत.
काल एकशे चाळीस होतं,
सोमवारी परत बघायचं म्हणाल्यात.